दहा वर्षांची गाडी आणि तेलाचा लाल दिवा

"साहेब, गाडी २०१४ची आहे. डिझेल आहे. दिल्लीत आहे. यात आता पैसे घालण्यात काही अर्थ नाही."

गेल्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या वर्कशॉपच्या काचेच्या केबिनमध्ये हे वाक्य ऐकलं. माझी एसयूव्ही बाहेर उभी होती. तिचं बॉनेट अजून कुणी उघडलंही नव्हतं.

आदल्या संध्याकाळी धौला कुआँच्या फ्लायओव्हरवर, रोजच्या खोळंब्यात, डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. आधी एकदा लुकलुकला, मग स्थिर झाला. हा दिवा लागल्यावर घरापर्यंत हळूहळू जाऊ असा विचार करायचा नसतो. गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. मी तेच केलं. मागच्या हॉर्नवाल्यांनी माझ्या खानदानाचा उद्धार केला, तो ऐकून घेतला. पट्टी काढून बघितली तर तेलाची पातळी ठीक होती. तेल आहे आणि दाब नाही, म्हणजे मामला गंभीर. टो करून गाडी वर्कशॉपला पाठवली.

दुसऱ्या दिवशी निकाल मिळाला: ऑइल पंप गेला असणार, म्हणजे बेअरिंगही गेली असणार, म्हणजे इंजिनच बदलावं लागेल. खर्च दोन लाखांच्या पुढे. आणि लगेच दुसरा पर्याय, गाडी भंगारात द्या. त्या इंजिनाचा तेलाचा दाब किती आहे, हे कुणी मोजलं होतं का? नाही. निदान आरसी बुकावरची तारीख वाचून झालं होतं.

हा लेख त्या वर्कशॉपबद्दल नाही. माझं भांडण त्या वाक्याशी आहे: "आता यात पैसे घालण्यात अर्थ नाही." हे वाक्य दिल्लीत मी इतक्या वेळा ऐकलंय की तो इथला नियमच झालाय असं वाटतं. मला ते चुकीचं वाटतं. गाडीसाठी चुकीचं आहेच, पण ज्या हवेच्या नावानं ते बोललं जातं त्या हवेसाठीही चुकीचं आहे.

आधी पंपाबद्दल थोडं, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग हे धातूवर धातू घासून फिरत नाहीत. दोघांच्या मध्ये तेलाचा एक पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगतो. तो थर टिकवायला तेल सतत दाबानं आत यावं लागतं. हे काम ऑइल पंपाचं. खाली चेंबरमधून जाळीतून तेल ओढायचं, फिल्टरकडे ढकलायचं, तिथून ते क्रँकला, कॅमला, टर्बोला. पंप स्वतः साधा असतो: एका घरात फिरणारे दोन दातेरी रोटर आणि दाब फार वाढला तर उघडणारा एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. बिघडायला त्यात फारसं काही नाही. पण एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. पंप फिल्टरच्या आधी असतो. फिल्टर सगळ्यांना गाळलेलं तेल देतो, पंपाला मात्र ते कधीच मिळत नाही. त्याच्या आधी फक्त ती जाड जाळी. म्हणून तेल घाण झालं की पहिला मार पंप खातो.

आणि लाल दिवा म्हणजे पंप गेलाच असंही नाही. दिवा लावणारा स्विच खराब असू शकतो. त्याची वायर घासलेली असू शकते. जाळी गाळानं बुजलेली असू शकते. व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. तेलात डिझेल उतरून ते पातळ झालेलं असू शकतं. बेअरिंग झिजून तेल वाटेतच गळत असेल, तरी दाब पडतो. पंप स्वतः झिजला हे या यादीतलं एक कारण. यातलं पहिलं कारण काही शे रुपयांचं आणि बेअरिंगचं सगळ्यांत महाग. दोन्हींचा दिवा मात्र एकाच रंगाचा. म्हणून आधी मोजायचं असतं.

गाडी मी तिथून उचलली आणि एका सुभेदारसाहेबांना फोन केला. साताऱ्याकडचे, ईएमईतून निवृत्त, आता मुलाकडे गुरुग्रामला राहतात. कोअर ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स १५ ऑक्टोबर १९४३ला उभी राहिली. तेव्हापासून या कोअरचा धंदा एकच: जे बंद पडलंय ते चालू करायचं. साहेबांची आख्खी हयात गाड्यांखाली गेलेली. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेल्या शक्तिमान ट्रकांपासून ते स्टॅलियनपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय.

"साहेब, दिवा खरं बोलतोय का खोटं, ते तर आधी बघू की," ते म्हणाले. "कोर्टात पण आरोपीला विचारतात."

रविवारी ते त्यांच्या ओळखीच्या एका उस्तादच्या गॅरेजात आले. पिशवीत एक जुनं मेकॅनिकल प्रेशर गेज. स्विच काढला, त्याच्या जागी गेजची नळी लावली. थंड इंजिन जेमतेम काही सेकंद चालवलं. साधारण अंदाज असा असतो की गरम इंजिनाला आयडलवर एक बारच्या आसपास दाब हवा आणि फेरे वाढले की तो तीन-चार बारपर्यंत चढायला हवा. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तेल थंड असताना दाब जास्तच दिसतो. आमच्या गेजचा काटा थंड तेलातही अर्ध्या बारच्या खाली लोळत होता. म्हणजे दिवा खरं बोलत होता.

मग चेंबर उतरवलं. जाळीवर काळा, डांबरासारखा थर. सुभेदारसाहेबांनी बोटानं तो खरवडला, माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "साहेब, तेल शेवटचं कधी बदललं?"

इथे मला खरं सांगायला हवं. मी हिशेब केला. चौदा महिने झाले होते. किलोमीटर जेमतेम सहा हजार, म्हणून मी निर्धास्त होतो. त्याआधीची दोन वर्षं मी फील्डला आणि गाडी पुण्यात झाकून उभी. आणि दिल्लीतले सहा हजार किलोमीटर म्हणजे काय? सकाळी ऑफिस, संध्याकाळी परत, निम्मा वेळ एका जागी घरघर करत. किलोमीटरचा काटा थांबलेला असतो, इंजिन मात्र चालूच असतं. डिझेलची काजळी तेलात मिसळत राहते. छोट्या फेऱ्यांत तेल पुरतं तापत नाही, त्यातली वाफ उडून जात नाही. म्हणून तर मॅन्युअलमध्ये "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. शहरातल्या अशा वापराला तिथे "कठीण वापर" म्हणतात आणि त्यासाठी मुदत आणखी कमी सांगतात. ते पान मी वाचलं नव्हतं.

खडकवासल्याला पहिल्या टर्मला सायकलची चेन कोरडी सापडली की सीनियर ती सायकल आमच्याच खांद्यावर चढवायचे आणि पळवायचे. ते अंगात मुरलंय असं वाटायचं. युनिटमध्ये मी स्वतः एमटी पार्कमध्ये फिरून ड्रायव्हरांना पट्टी काढून दाखवायला लावलंय. फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड: गाडी काढण्याआधी बघ, थांबल्यावर बघ, लावताना बघ. एका जवानानं लॉगबुकात तपासल्याची खोटी खूण केली म्हणून त्याला झापलंय. आणि स्वतःच्या गाडीची पट्टी मी चौदा महिन्यांत बहुधा तीनदा काढली असेल. वर्कशॉपवाल्यानं कॅलेंडर बघून गाडी मोडीत काढली. मी ओडोमीटर बघून ती धडधाकट ठरवली. दोघांनीही तेलाला हात लावला नव्हता.

पुढचं काम तीन दिवस चाललं. या इंजिनात पंप पुढच्या कव्हरमध्ये, थेट क्रँकशाफ्टवर बसतो, म्हणून पुढचा बराच पसारा काढावा लागला. पंप उघडला तेव्हा रोटरवर आणि घराच्या आतल्या बाजूला नखाला लागतील असे ओरखडे होते. फिलर गेजनं फट मोजली, ती मर्यादेबाहेर. मग सगळ्यांत महत्त्वाची तपासणी: खालून दोन बेअरिंग कॅप उघडून शेल बघितले. किंचित घासलेले, पण तांबं कुठे उघडं पडलेलं नाही. शाफ्टही गुळगुळीत. फ्लायओव्हरवर लगेच इंजिन बंद केलं, त्याचं हे फळ. आणखी दहा मिनिटं चालवली असती तर वर्कशॉपवाल्याचं भाकीत खरं ठरलं असतं.

नवा पंप काश्मिरी गेटहून आणला. त्या बाजारात एकाच नावाच्या डब्यात असली आणि नकली दोन्ही मिळतं. सुभेदारसाहेबांनी तीन दुकानं पालथी घातली, पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घेतला आणि हातात घेऊन रोटर फिरवून बघितला. "पंप नकली म्हणजे हार्ट नकली," एवढंच म्हणाले. जाळीची नळी साफ केली, तिच्या तोंडाची ओ-रिंग नवी घातली. ही काही रुपयांची रिंग जुनीच ठेवली तर पंप तिथून हवा ओढतो आणि नवा पंप घालूनही दाब येत नाही. कित्येक जण मग दुसरा पंप विकत घेतात. चेंबर धुऊन काढलं, नवा फिल्टर, नवं तेल.

शेवटची पायरी मला सगळ्यांत आवडली. कोरडा पंप तेल ओढू शकत नाही, म्हणून बसवण्याआधी तो तेलानं भरून घेतला. मग इंजेक्टरचे प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन पेट घेणार नाही, आणि नुसता स्टार्टर थोडा थोडा मारत राहिले. डोळे गेजवर. काटा हलला, वर चढला. तेव्हाच प्लग लावून इंजिन सुरू केलं. टी-७२ रणगाड्यात याच कामासाठी वेगळा विजेवर चालणारा पंप असतो. ड्रायव्हर आधी तेलाचा दाब बनवतो, मग इंजिन सुरू करतो. ७८० हॉर्सपॉवरच्या इंजिनालाही तेवढा धीर धरावा लागतो.

इंजिन गरम झाल्यावर आयडलला दाब सव्वा बार. सगळा खर्च मिळून वर्कशॉपच्या आकड्याच्या सहाव्या हिश्शाच्या आत.

आता मुख्य मुद्दा.

दिल्ली एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी, हे राष्ट्रीय हरित लवादाच्या ७ एप्रिल २०१५च्या आदेशापासून चालत आलंय. २९ ऑक्टोबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. १ जुलै २०२५पासून तर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे लावून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. त्या आठवड्यात आमच्या कॉलनीत दुसरा विषय नव्हता. काही दिवसांतच ते पुढे ढकललं गेलं. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं केवळ वयावरून सक्तीची कारवाई नको असं सांगितलं. १७ डिसेंबरला ते संरक्षण बीएस-चार आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरतं मर्यादित केलं. माझी गाडी पुण्याची, बीएस-चार, म्हणून सध्या वाचली. हिवाळ्यात ग्रॅपचा तिसरा टप्पा लागला की बीएस-चार डिझेल गाड्या बंद असतात. तेव्हा माझी गाडी कव्हरखाली आणि मी शंकर विहारहून मेट्रोनं. आदेश मी पाळतो, पाळत राहीन. खाली लिहितोय ते एका नागरिकाचं वैयक्तिक मत आहे.

आधी समोरच्या बाजूचं, कारण ते खरं आहे. दिल्लीची हवा हा राजकारण्यांचा बागुलबुवा नाही. नोव्हेंबरात माझी मुलगी इनहेलर दप्तरात घेऊन शाळेत जाते. आयआयटी कानपूरच्या २०१६च्या अहवालात दिल्लीतल्या पीएम २.५ कणांच्या उत्सर्जनात गाड्यांचा वाटा सुमारे २० टक्के धरलाय. रस्त्यावरची धूळ ३८ टक्के आहे हे खरं, पण म्हणून २० टक्के सोडून द्यायचे असं होत नाही. आणि जुन्या-नव्या मानकांत फरक प्रचंड आहे. डिझेल प्रवासी कारसाठी कणांची मर्यादा बीएस-तीनमध्ये किलोमीटरला ५० मिलिग्रॅम, बीएस-चारमध्ये २५, बीएस-सहामध्ये साडेचार. माझ्या गाडीतून, ती कितीही नीट ठेवली तरी, नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त काजळी बाहेर पडते. नवा ऑइल पंप घालून बीएस-चारची बीएस-सहा होत नाही. जुनी गाडी म्हणजे वारसा, ती चालू द्या, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. मुलीच्या इनहेलरपुढे माझ्या गाडीवरच्या प्रेमाची किंमत शून्य आहे.

मग माझा आक्षेप कशाला? गाडी कधी काढायची हे कॅलेंडरवर ठरवण्याला.

तारीख आधीच ठरलेली असली की माणूस काय करतो ते बघा. गाडी नवव्या वर्षात शिरली की मालक म्हणतो, आता दोनच वर्षं राहिली, टायमिंग चेन कशाला बदलू? इंजेक्टर साफ कशाला करू? तेल स्वस्तातलं घाल. निळा धूर निघतोय? निघू दे, दोन वर्षांनी जायचीच आहे. म्हणजे ज्या वर्षांत गाडीला सगळ्यांत जास्त देखभालीची गरज असते, नेमकी त्याच वर्षांत आपण ती बंद करतो. शेवटची दोन वर्षं ती गाडी याच दिल्लीत, याच मुलांच्या नाकापुढे धूर सोडत फिरते. झिजलेल्या रिंगांतून तेल जाळणारी, इंजेक्टर गळणारी सात वर्षांची गाडी नियमात बसते. नीट ठेवलेली अकरा वर्षांची बसत नाही. दोघींच्या नळीपाशी कुणी वाकून बघत नाही.

वाकून बघायची सोय नाही का? पीयूसी आहे की, असं कुणी म्हणेल. डिझेलच्या पीयूसीत न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात. बारीक कण किंवा नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजले जात नाहीत. आणि बरेच जण ही चाचणीही "लावून टाक" म्हणत उरकतात, हे वाचणाऱ्यांपैकी कितीजणांना नवीन आहे? तपासणी कमकुवत, म्हणून तारीख कडक. हा सौदा मला मान्य नाही. तपासणी कमकुवत असेल तर तपासणी सुधारायची. स्वयंचलित तपासणी केंद्रांचा नियम झालाय, खासगी गाडीचंही तिथे खरं मोजमाप करा. नापास झाली तर पाच वर्षांची गाडीही उचला. सहा वर्षांच्या माझ्या गाडीला नापास केलं असतं तर मी कुरकुर केली असती, पण गप्प बसलो असतो.

आणि दिल्लीतून हद्दपार झालेल्या गाड्या जातात कुठे? सगळ्याच काही भंगारात जात नाहीत. एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात जातात. दिल्लीचा दलाल पडत्या भावात उचलतो आणि तीच गाडी लांबच्या एखाद्या जिल्ह्यात दिमाखात फिरते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतरही तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवता येते. म्हणजे गाडी वाईट असेल तर तिचा धूर आपण फक्त दुसऱ्याच्या पोराकडे पाठवला. आणि चांगली असेल तर तिला इथून का काढलं?

नव्या गाड्या आल्या की प्रश्न संपेल असं ज्यांना वाटतं त्यांनी २०३० साल डोळ्यांसमोर आणावं. देशभर बीएस-सहा लागू झालं १ एप्रिल २०२०ला. त्या पहिल्या डिझेल गाड्यांना तेव्हा दहा वर्षं होतील. त्यांचा सगळा स्वच्छपणा धुराच्या नळीतल्या काजळीच्या गाळणीवर उभा आहे. ती गाळणी भरली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिच्यातली काजळी जाळतं. त्यासाठी सलग, तापलेल्या इंजिनानं काही अंतर जावं लागतं. धौला कुआँच्या खोळंब्यात ते अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं, दाब पडतो, पुन्हा तोच लाल दिवा. वैतागून कुणी गाळणीच काढून टाकली, तर कागदावर बीएस-सहा असलेली गाडी रस्त्यावर काय सोडते ते कोण बघणार? कॅलेंडर तर म्हणेल, अजून चार वर्षं आहेत. गाडी जितकी आधुनिक, तितका तिचा स्वच्छपणा देखभालीवर अवलंबून. आणि देखभालीची सवय तर आपण घालवत चाललोय.

आता सैन्याकडे बघा. सरकारी गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर रद्द करण्याचा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाला. त्यातून संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची चिलखती आणि विशेष वाहनं वगळली आहेत. बरोबरच आहे. टी-७२ रणगाडे ऐंशीच्या दशकापासून आपल्याकडे आहेत. ते फक्त जन्मतारखेवरून मोडीत काढत नाहीत. दिल्ली कॅन्टमध्येच अशा रणगाड्यांचं ओव्हरहॉल करणारी बेस वर्कशॉप आहे. तिथे इंजिन खोलतात, मोजतात, झिजलेलं बदलतात, चाचणी घेतात आणि मग सही करतात. गाडी "दुरुस्ती परवडत नाही" या वर्गात टाकायची असली तरी कुणीतरी ती तपासून, कारण लिहून, स्वतःच्या सहीनं टाकतो. रणगाड्याची आणि एसयूव्हीची बरोबरी होत नाही, मान्य. पद्धतीची बरोबरी व्हायला काय हरकत आहे? मोजा, लिहा, सही करा.

निवृत्त मित्रांना एक वेगळं सांगायचंय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी फंडाच्या पैशातून एक गाडी घेतली, ती तुमची शेवटची गाडी. नोएडात, द्वारकेत, गुरुग्राममध्ये राहणारे कितीतरी जण मला विचारतात, विकून टाकू का? तुमची गाडी बीएस-तीन असेल तर तिचे इथले दिवस भरले. त्यावर रडू नका, नातवंडांच्या फुप्फुसांचा विचार करा. बीएस-चार असेल तर कुणी "अर्थ नाही" म्हणालं म्हणून विकू नका. आधी पट्टी काढा. तेल किलोमीटरवर सोडू नका, शहरात वर्षातून एकदा तरी बदलाच. दिवा लागला तर जागीच इंजिन बंद करा, मागच्यांना हॉर्न वाजवू द्या. मेकॅनिक इंजिन बदलायचं म्हणाला तर विचारा, "दाब किती आला? गेज दाखव." तो गेज आणत नसेल तर गाडी उचला. आणि पीयूसी लावून घेऊ नका, करून घ्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या लॉगबुकातली खोटी खूण पकडली, आता स्वतःच्या नको.

सुभेदारसाहेबांनी मजुरी घेतली नाही. घेणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून घरून कंदी पेढे मागवून ठेवले होते. डबा हातात घेताना म्हणाले, "साहेब, तीन महिन्यांनी मी येणार तपासायला. पट्टी मीच काढणार."

नोव्हेंबरात ते खरंच आले. गाडी ग्रॅपमुळे कव्हरखाली उभी होती. त्यांनी कव्हर वर केलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली आणि उजेडात धरली. मग माझ्या मुलीला बोलावून तिच्या हातात दिली आणि वरची खूण कुठली, खालची कुठली, ते शिकवलं. आता दर रविवारी ती बघते आणि एका वहीत लिहून ठेवते. गेल्या रविवारी मी न बघताच "ठीक असेल" म्हणालो, तर तिनं वही पुढे केली आणि म्हणाली, "बाबा, सही करा."